‘तोत्तोचान’ आवडली? मग पुढे हे पाहा

मुलांना सुट्टीत अ‍ॅनिमे हवंय? आपल्यापैकी अनेकांनी मराठीत वाचलेल्या ‘तोत्तोचान’पासून सुरुवात करा. २०२३ मध्ये तिच्यावर अ‍ॅनिमे चित्रपट आला. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, मुलांचं ऐकून घेणारे कोबायाशी गुरुजी आणि पोलिओ झालेला मित्र यासुआकी त्यात भेटतात.

तो आवडला, तर ‘अ सायलेंट व्हॉइस’ घ्या. योशितोकी ओइमा यांची मांगा मालिका सात भागांची. नाओको यामादा यांचा चित्रपट २०१६चा. विषय तोच, वर्गातलं वेगळं मूल. पण इथे कोबायाशी गुरुजी नाहीत. ऐकू न येणाऱ्या शोकोला वर्ग छळतो. पुढे छळणारा शोयाही एकटा पडतो. मोठेपणी सांकेतिक भाषा शिकून तो तिला भेटायला जातो.

बंगळूरुत शाळा बदलली, कन्नड येत नाही, म्हणून आपलंही मूल कधी एकटं पडतं. कधी तेच दुसऱ्याला हसतं. म्हणून ही गोष्ट सोबत बसून पाहा. त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे, तेव्हा तेरा वर्षांपुढच्या मुलांनाच दाखवा. नंतर उपदेश नको. एवढंच विचारा, “तुमच्या वर्गात एकटं बसून डबा कोण खातं?”