कायद्याविना मोकळीक

थायलंडच्या आरोग्यमंत्र्यांनी जून २०२५ मध्ये एका आदेशावर सही केली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गांजाची विक्री तिथे गुन्हा ठरली. आदेश २६ जूनला लागू झाला. जेमतेम आठवडाभर आधी, १८ जूनला, गांजा मोकळा करणारा भूमजैथाई पक्ष सत्ताधारी आघाडीतून बाहेर पडला होता. मुलांच्या आणि जनतेच्या आरोग्याचे कारण पुढे केले गेले. ते खोटे नाही. पण ते कारण त्याआधीची दोन वर्षेही तितकेच खरे होते. त्या आठवड्यात बदलली ती फक्त संसदेतली बेरीज.

या गोंधळाची सुरुवात मात्र मोकळीक देणाऱ्यांनीच केली. औषधी वापराला २०१८ च्या अखेरीस परवानगी मिळाली होती. २०१९ च्या निवडणुकीत भूमजैथाईचे नेते अनुतिन चार्नविराकूल यांनी घरटी सहा रोपे लावू देण्याचे आश्वासन दिले, मते मिळवली आणि ते आरोग्यमंत्री झाले. ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला गेला. तीन हजारांहून अधिक कैदी सुटले. झाडाच्या पाल्यापायी माणसे तुरुंगात सडू नयेत, म्हणून आम्ही त्या सुटकेचे आजही समर्थन करतो. सरकारने दहा लाख रोपे फुकट वाटण्याचीही घोषणा केली. नव्हता तो कायदा. कोणी विकावे, कोणाला विकू नये, शाळेपासून दुकान किती लांब असावे, हे ठरवणारे विधेयक मागाहून यायचे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये ते सभागृहात आले, तेव्हा त्या वेळच्या सत्ताधारी आघाडीतलाच डेमोक्रॅट पक्ष विरोधातल्या फेऊ थाई पक्षाबरोबर गेला आणि विधेयक मागे घ्यावे लागले. निवडणूक तोंडावर होती आणि अनुतिन यांना श्रेय मिळू द्यायला कोणी तयार नव्हते. मार्च २०२३ मध्ये संसद विसर्जित झाली तरी कायदा झालेला नव्हता. देश मंत्रालयाच्या अधिसूचनांवर चालत राहिला, आणि बँकॉकच्या गल्लीगल्लीत दुकाने उघडत गेली.

फेऊ थाईने तरी काय केले? या पक्षाचे कर्तेधर्ते थाकसिन शिनावात पंतप्रधान असताना २००३ च्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत अवघ्या तीन महिन्यांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्या पक्षाने २०२३ मध्ये गांजा पुन्हा बंद करण्याच्या घोषणेवर मते मागितली आणि निकालानंतर त्याच भूमजैथाईला आघाडीत घेतले. पंतप्रधान श्रेथा थाविसिन यांनी मे २०२४ मध्ये वर्षअखेरपर्यंत बंदी आणण्याचे जाहीर केले. मित्रपक्ष नाराज होताच जुलैमध्ये माघार घेतली. पुढे गृहमंत्रालय कोणाकडे, यावरून दोन्ही पक्षांचे बिनसले, कंबोडियाचे नेते हुन सेन यांच्याशी श्रेथांनंतरच्या पंतप्रधान पेतोंगतार्न यांचे फोनवरचे बोलणे फुटले, आघाडी मोडली. मग गांजाविरोधाला धार आली.

या खेचाखेचीची किंमत पक्षांना मोजावी लागत नाही. सरकारच्या शब्दावर कर्ज काढून हरितगृह उभारणाऱ्या शेतकऱ्याला मिळणारे भाव बाजारात माल वाढल्याने आधीच पडले होते. नव्या आदेशाने त्याला प्रमाणित शेतीची अट घातली. वेदनेवर उतारा म्हणून तेल घेणाऱ्या रुग्णाला उद्या ते मिळेल की नाही, हे कळत नाही. आणि ज्या मुलांच्या नावाने बंदी आली, त्यांना मधली तीन वर्षे अपुऱ्या अधिसूचनांवर सोडून देणारेही हेच दोन्ही पक्ष आहेत. आम्हाला याचा राग अधिक येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये अनुतिन स्वतः पंतप्रधान झाले, तेही चार महिन्यांत संसद विसर्जित करण्याची अट मान्य करून, अल्पमतातल्या सरकारचे. असे पद हाती आले म्हणून आणखी एक अधिसूचना काढून जुना आदेश फिरवणे चुकीचे ठरेल. सत्तेवर कोणीही असो, वयाची मर्यादा, परवाने, मालाची तपासणी, रुग्णाचा हक्क आणि लहान शेतकऱ्याला जुळवून घेण्यासाठी पुरेशी मुदत, हे सारे संसदेच्या कायद्यात लिहिले गेले पाहिजे. आणि त्या कायद्यावरच्या मतदानात डेमोक्रॅट व फेऊ थाई यांनी श्रेयाचा हिशेब बाजूला ठेवून भाग घेतला पाहिजे.