इतिहासकाराची उसनी पत

मागील महिन्यात शिरोली एमआयडीसीतील कारखानदार मंडळींनी आपल्या कुटुंबीयांसाठी एक व्याख्यान ठेविले होते, त्यास आम्ही गेलो होतो. विषय पानिपतचा. वक्ते व्यासंगी होते आणि पहिली चाळीस मिनिटे त्यांनी खरोखर उत्तम सांगितले. छावणीतील धान्य कसे आटत गेले, यमुनेच्या पलीकडे कोण होता, कोणते पत्र कोणत्या तिथीचे, हे सारे ते मुखोद्गत सांगत होते. पुढे मात्र गाडीने रूळ केव्हा बदलला ते कळले नाही. पाहतो तो वक्ते आजच्या निवडणुका, आजचे पक्ष, कोणता समाज देशाशी एकनिष्ठ आणि कोणता नाही, यांवर त्याच आवाजात, त्याच खात्रीने बोलू लागलेले. बाहेर पडताना एक सुशिक्षित गृहस्थ आम्हांस म्हणाले, “अहो, एवढा अभ्यास केलेला माणूस उगीच का काही बोलेल?” वक्त्यांचे नाव आम्ही देत नाही, कारण आमचे भांडण त्यांच्याशी नाही. आमचे भांडण आहे ते या वाक्याशी.

असे वाक्य महाराष्ट्रात आज पहिल्यांदा उच्चारले गेले असे नव्हे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्याविषयी आपल्या वाडवडिलांची हीच भावना होती, आणि ती अगदी निराधार होती असे कोण म्हणेल? या पुरुषाने प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे मराठी भाषांतर केले, ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरण रचिले, गावोगाव वाडे आणि माळे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापून काढिली, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. 1898 साली निघालेला साधनांचा पहिला खंड 1750 पासून 1761 पर्यंतच्या पत्रांचा, म्हणजे पानिपतचाच. तोवर जे युद्ध आपणांस बखरींतून आणि इंग्रज ग्रंथकारांकडून ठाऊक होते, ते या पत्रांमुळे तिथीवार, मुक्कामवार समजू लागले. रसद कशी तुटली, गोविंदपंत बुंदेले 1760 च्या डिसेंबरात कसा मारला गेला, याचा हिशेब आता पत्रांवरून लावता येऊ लागला. लष्करी इतिहास म्हणतात तो हाच.

परंतु याच राजवाड्यांनी आपल्या प्रस्तावनांतून आणि लेखांतून दुसरेही एक दुकान चालविले. वारकरी संतांनी महाराष्ट्रास निवृत्तीच्या मार्गास लाविले, पंगू केले. त्यास पुन्हा उभे केले ते समर्थ रामदासांच्या महाराष्ट्रधर्माने, असा त्यांचा सिद्धांत. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठेशाहीच्या इतिहासात नेमके उलट सांगितले होते: संतांनी जातिभेदाची धार बोथट करून स्वराज्याची भूमी नांगरून ठेविली. दोघांत कोण बरोबर, हा प्रश्न आम्ही येथे सोडवू पाहत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की राजवाड्यांच्या सिद्धांतास त्यांच्या पत्रांचा आधार नव्हता. छावणीत धान्य नव्हते हे पत्रे सांगतात. ते अभंगांमुळे नव्हते असे कोणतेही पत्र सांगत नाही. तरी वाचकाने सिद्धांत स्वीकारला तो पत्रांच्या भरवशावर. एका पेढीवर जमलेली पत, हुंडी मात्र दुसऱ्याच पेढीवर!

संतांचा वाद हा तरी पंडितांचा वाद म्हणून सोडून देता येईल. जातींविषयी लिहिताना तसे म्हणता येत नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी राजवाड्यांनी जे हिणवणारे लेखन केले, त्यास केशव सीताराम ठाकरे यांनी 1918 साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिले. ठाकऱ्यांची भाषा तिखट आहे, कित्येकदा आमच्या रुचीस मानवणार नाही इतकी. पण प्रतिपक्षाची विद्वत्ता पाहून त्यांनी हात जोडले नाहीत, पुरावा मागितला. आणि आमच्या मते तोच इतिहासाचा खरा संप्रदाय. आम्हां कोल्हापूरकरांस या प्रकरणाचे मोल अधिक कळावे. 1899 साली पंचगंगेच्या घाटावर शाहू छत्रपतींस वेदोक्ताचा अधिकार नाकारण्यात आला तोही ‘शास्त्र जाणणाऱ्यांच्या’ शब्दावर. जुन्या कागदांतून कोणास क्षत्रिय ठरवावयाचे आणि कोणास नाही, हे ठरविणाऱ्याच्या लेखणीखाली जिवंत माणसांची घरे असतात.

हा रोग केवळ आपल्याच मातीतला आहे असेही नाही. अमेरिकेतील व्हिक्टर डेव्हिस हॅन्सन या पंडिताचे उदाहरण घ्या. हा कॅलिफोर्नियातील द्राक्षबागाईतदाराच्या घरचा, ग्रीक व लॅटिनचा अध्यापक. प्राचीन ग्रीसमधील स्वाऱ्यांत शत्रूची शेती उद्ध्वस्त होई, असे विद्वान सर्रास लिहीत. हॅन्सनने 1983 सालच्या ग्रंथात शंका काढिली, की जैतुनाचे झाड आणि द्राक्षवेल उपटणे किती जिकिरीचे हे तुम्हांस ठाऊक तरी आहे काय? त्याला ते हाताच्या घट्ट्यांमुळे ठाऊक होते. आम्हांस तो ग्रंथ फार आवडतो. पुढे 1989 साली त्याने ग्रीक शेतकरी-सैनिकांच्या समोरासमोरच्या लढाईवर लिहिले, तेही मोलाचे. मग 2001 साली त्या एका वाणाचे पीक त्याने अडीच हजार वर्षांवर पेरले: सालामिसच्या आरमारी युद्धापासून व्हिएतनामपर्यंत पाश्चात्त्यांचा विजय हा त्यांच्या संस्कृतीचाच गुण. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि या सिद्धांतास मोठे गिऱ्हाईक मिळाले. हॅन्सन पुराणमतवादी पत्रांचा स्तंभलेखक झाला, 2003 च्या इराकच्या युद्धाचा त्याने पुरस्कार केला, 2019 साली ट्रम्प यांच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. द्राक्षवेलींविषयीचे त्याचे ज्ञान खरे होते. बगदादविषयी ते त्यास काय सांगणार होते?

यावर कोणी विचारील, की इतिहासकाराने मग राजकारणावर बोलूच नये काय? अवश्य बोलावे. नागरिक म्हणून बोलावे, आणि आपण आता नागरिक म्हणून बोलत आहो हे श्रोत्यांस सांगून बोलावे. शिवाय आमच्याजवळ एक साधी कसोटी आहे. या विद्वानाच्या पुराव्याने त्याच्या स्वतःच्या चाहत्यांस कधी दुखविले आहे काय? राजवाडे या कसोटीस एकदा तरी पूर्ण उतरले. 1926 सालच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या ग्रंथात त्यांनी प्राचीन आर्यांच्या स्त्रीपुरुषसंबंधांविषयी जे वेदांतून आणि महाभारतातून काढून दाखविले, ते सनातनी वाचकांच्या घशाखाली उतरणारे नव्हते. पुरावा जिकडे नेईल तिकडे गेलेला राजवाडे तेथे दिसतो, आणि त्याच्यापुढे आमचे मस्तक नम्र होते. ज्याचा इतिहास दर वेळी नेमका श्रोत्यांच्या पूर्वग्रहाशीच येऊन थांबतो, त्याच्या साधनांविषयी मात्र आम्हांस शंका येऊ लागते.

ही शंका शिरोलीच्या मंडळींस कशी येत नाही याचेच आम्हांस आश्चर्य वाटते. एखाद्या फौंड्रीने वीस वर्षे पंपाची ओतकामे निर्दोष दिली म्हणून तिने पाठविलेला नवा जिन्नस हे लोक डोळे मिटून घेतात काय? तो मोजतात, ठोकून पाहतात, आत पोकळी निघाली तर सारा माल परत भट्टीत जातो, आणि त्यात कोणी कोणाचा अपमान मानीत नाही. त्याच हातांनी संध्याकाळी सभागृहात टाळ्या वाजविल्या जातात! आमच्या व्यवसायबंधूंचे वर्तन याहून बरे नाही; महाविद्यालयातील अध्यापकांच्या खोलीतही वक्त्याच्या ग्रंथांची संख्या हाच त्याच्या मताचा पुरावा मानला जातो.

पुढील व्याख्यान 14 जानेवारीच्या सुमारास, पुन्हा पानिपतावरच, ठेवणार असे ऐकतो. आम्ही जाणार आहो. राजवाड्यांचा पहिला खंड बरोबर नेऊ, आणि वक्ते आजच्या काळाकडे वळले, की कोणत्या पत्रावरून बोलता एवढे विचारू. चालकांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, अशी विनंती त्यांस आजच लिहून पाठविली आहे.