तांबं पडलं, पीठ महागलं



तेंदूच्या फळीवर १०० पुड्यांचा भाव आपण ठरवत नाही. पानं आपल्या जंगलातली, घाम आपला, भाव मात्र दुसरीकडून येतो. अशी गत अख्ख्या देशाचीही होते. आफ्रिकेतल्या झांबिया देशाची झाली.

झांबियाच्या जमिनीत तांबं आहे. त्या काळी परदेशी विकलेल्या १०० रुपयांच्या मालात सुमारे ९० रुपयांचं तांबंच असायचं. भाव ठरायचा लंडनच्या धातूबाजारात. १९७४ साली चढलेला हा भाव वर्षभरात निम्म्याच्याही खाली आला.

आता हिशेब समजून घ्या. तिथलं चलन क्वाचा. पण डिझेल, यंत्रं, औषधं बाहेरून आणायची तर डॉलर लागतो, आणि डॉलर येणार तांबं विकूनच. तांब्याचा भाव पडला की डॉलर कमी येतात, मागणारे मात्र तेवढेच राहतात. मग एका डॉलरला जास्त क्वाचा मोजावे लागतात. टंचाईच्या दिवसांत व्यापारी पायलीभर तांदळाला जास्त मोहफुलं मागतो, तसंच हे.

सरकारनं कर्ज काढून काही वर्षं रेटलं. ऑक्टोबर १९८५ पासून दर आठवड्याला डॉलरचा लिलाव सुरू झाला. अडीच क्वाचाच्या आत मिळणारा डॉलर पुढच्या वर्षाअखेर १० च्या वर गेला. त्यात कर्ज देणाऱ्या नाणेनिधीचा आग्रह, की धान्यावरची सवलत काढा. डिसेंबर १९८६ मध्ये मक्याच्या चांगल्या पिठाचा भाव दुपटीहून जास्त झाला. खाणपट्ट्यातले लोक रस्त्यावर उतरले. १५ माणसं मेली, तेव्हा कुठं सरकारनं वाढ मागं घेतली.

ज्यांच्या हातांनी तांबं निघालं, त्यांच्याच ताटातलं पीठ गेलं. भाव चढा होता तेव्हा सगळं लक्ष खाणीवर, शेती मागं पडली. भाव पडला तेव्हा आधाराला शेती उभी नव्हती.

आपल्यालाही सांगतात, जबरानजोतीचा तुकडा सोडा, खाण येऊ द्या, नगदी पैसा मिळेल. त्यांना दोनच गोष्टी विचारा. मालाचा भाव कोण ठरवणार? आणि तो पडला तर त्या पैशात किती पायल्या तांदूळ येईल?

तेंदूची मजुरी आपण वाढवून मागणारच, तो आपला हक्क आहे. पण धानाची बांधी सोडायची नाही. हा अंक गावाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याशी आधी बोला.