तरंगणारा पोशाख आणि बुडणारी माणसे

बाजारात आता पोहण्याचा एक नवा पोशाख मिळतो. दिसायला तो नेहमीच्या पोहण्याच्या कपड्यांसारखाच असतो. मात्र छातीपाशी किंवा पाठीवर आत घडी घातलेली हवेची पिशवी आणि गॅसची लहानशी नळकांडी असते. माणूस बुडू लागला की त्याने एक दोरी ओढायची. नळकांडीतला गॅस पिशवीत भरतो आणि माणूस वर येतो. लहान मुलांसाठी छातीभोवती फोमच्या पट्ट्या शिवलेले पोशाख आहेत. मनगटावर बांधायची आणि गरज पडताच फुगणारी पट्टीसुद्धा निघाली आहे.

या पोशाखामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. शेन डोरियन हा हवाई बेटांवरचा, प्रचंड लाटांवर स्वार होणारा नामांकित खेळाडू. २०१० साली कॅलिफोर्नियातील मॅव्हरिक्स येथे लागोपाठ दोन लाटांखाली दबून तो मरता मरता वाचला. त्यानंतर त्याच्याच कल्पनेतून हवेची पिशवी असलेला पोहण्याचा पोशाख तयार झाला. एक खेळाडू मरणाच्या दारातून परत आला आणि त्याच्यासारख्यांचा जीव वाचावा म्हणून विज्ञान कामाला लागले. आम्हाला याचा आनंदच आहे. बुद्धाचा धम्म मानणाऱ्याला कोणाचाही जीव वाचल्याचा आनंदच व्हायला हवा. पण ही माहिती वाचताना आम्हाला प्रश्न पडला : दरवर्षी या देशात जी माणसे बुडून मरतात, त्यांच्यासाठी हे विज्ञान केव्हा कामाला लागणार?

मुळात हे विज्ञान काही अवघड नाही. माणसाचे शरीर पाण्यापेक्षा फारसे जड नसते. प्रौढ माणसाचे डोके पाण्यावर राहावे यासाठी साधारण तीन ते साडेपाच किलोची जादा उचल पुरते. जीवन आणि मरण यांच्यातले अंतर एवढेच! इंग्लंडमध्ये कॅप्टन वॉर्ड याने १८५४ साली बुचाच्या लाकडाचे जॅकेट तयार केले. १८६१ साली व्हिटबी बंदरात बचावनौका उलटली, तेव्हा तेरा खलाशांपैकी एकटा हेन्री फ्रीमन वाचला. नवे जॅकेट त्याच एकट्याच्या अंगात होते. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हा प्रश्न सुटलेला आहे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर हे ज्ञान त्याहून जुने आहे. वाळलेले भोपळे एकत्र बांधून नदी पार करायची, त्याला सांगड म्हणत. 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. खेड्यातली पोरे पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. पुढे ट्रकची ट्यूब आली. पाठीला बांधलेला डबा हाच आमच्या खेड्यांचा तरंगणारा पोशाख होता आणि त्याला पैसा पडत नव्हता.

मग आमच्या वस्तीतली पोरे पोहायला का शिकली नाहीत? डबा त्यांनाही मिळाला असता. विहीर मिळाली नाही! ज्या विहिरीवर घोटभर पाण्यासाठी आमच्या आज्यांनी ओंजळ पसरून तासन् तास उभे राहायचे, त्या विहिरीत आमच्या पोराने उडी मारायची? ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या अख्ख्या अंगाने पाण्यात उतरायचे? पोहणे ही निव्वळ कसरत नाही. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरण्याचा हक्क लागतो. तो हक्क ज्यांना होता त्यांची मुले वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी पोहू लागली. ज्यांना नव्हता त्यांच्या घरात पाण्याची भीती वारशाने आली. 'पाण्याजवळ जाऊ नको' हे आमच्या आयांचे वाक्य मायेचे खरे, पण त्या मायेच्या मागे मार खाल्लेल्या पिढ्या उभ्या आहेत.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पाणी मात्र बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. सनातन्यांनी आमच्या माणसांची डोकी फोडली आणि शेण, गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी आमच्या बाजूने निकाल लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आपण आलो आहोत ते समता प्रस्थापित करायला, हे बाबासाहेबांनी तिथेच ठणकावून सांगितले होते. पण ओंजळीपुढची पायरी आम्ही किती चढलो, याचा हिशेब आता मांडला पाहिजे.

हे आमच्याच वाट्याला आले असे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, कारण दोन्ही समाजांचे दुखणे एक आहे हे त्यांनी ओळखले होते. १९१९ साली शिकागोच्या सरोवरात युजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या बाजूला गेला. त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडून मेला. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन गावी कृष्णवर्णीय आणि गोरे कार्यकर्ते एका हॉटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात ॲसिड ओतले. महाडला शेण-गोमूत्र, तिथे ॲसिड! आणि त्याचा परिणाम? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, पोहण्याच्या तलावात बुडून मरण्याचे कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण (वय ५ ते १९) गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट होते. तलावांचे दरवाजे उघडून अर्धशतक होत आले होते. तरीही मुले बुडत होती, कारण ज्या आईबापांना पाण्यात उतरू दिले नाही ते मुलांना काय शिकवणार?

अमेरिकेने निदान हे मोजले. आपल्या देशात सरकारी नोंदीप्रमाणे वर्षाला पस्तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. त्यात आमची किती, भटक्यांची किती, आदिवासींची किती, याचा हिशेब आमच्या पाहण्यात आलेला नाही. आम्ही वकिली करतो. बुडून मेलेल्यांचे कागद आमच्या हाताखालून जातात. पंचनाम्यात बहुधा एकच वाक्य असते : 'पाय घसरून पाण्यात पडून बुडून मयत'. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि फाईल बंद. शेततळ्याला कुंपण का नव्हते, प्लास्टिकच्या गुळगुळीत अस्तरावरून वर यायला दोर का नव्हता, सोडून दिलेल्या खाणीतले पाणी का उपसले नाही, हे कोणी विचारत नाही. पाय घसरला हा मेलेल्याचाच गुन्हा!

२०२४ या एका वर्षाकडे पाहा. १८ जानेवारीला गुजरातमध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त मुले भरली होती आणि त्यांतल्या मोजक्याच मुलांच्या अंगात लाईफ जॅकेट होते. त्यानंतर पाचच दिवसांनी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत डोंगा उलटला. नदीपलीकडे मिरची तोडायला निघालेल्या सहा मजूर स्त्रिया बुडाल्या. १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नावेवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट आदळली. शंभराहून अधिक माणसे पाण्यात पडली, पंधरा जण मेले. निघताना जॅकेट घालायला कोणी सांगितले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. नंतर जॅकेट सक्तीचे झाले. आधी माणसे मरायची आणि मग नियम आठवायचा, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे.

या तीन घटनांत एक फरक आम्ही मुद्दाम दाखवू इच्छितो. वडोदरा आणि मुंबईत निदान 'जॅकेट कुठे होते?' हा प्रश्न विचारला गेला. वैनगंगेच्या त्या सहा जणींबद्दल तो प्रश्न किती जणांनी विचारला? रोजंदारीला जाणाऱ्या बाईच्या अंगात जीव वाचवणारे जॅकेट असावे, ही कल्पनाच या व्यवस्थेच्या डोक्यात येत नाही. हौसेने पाण्यात जाणाऱ्यासाठी फुगणारा पोशाख आणि पोटासाठी पाण्यात जाणारीसाठी ओली साडी! पायात गुंडाळणारी ओली साडी पोहणाऱ्यालासुद्धा खाली ओढते, मग न पोहणारीचे काय?

कायदा काय सांगतो तेही पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापराबाबत भेदभाव चालणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. महाडचा सत्याग्रह त्या ओळींमध्ये उतरला आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नदी, विहीर, तलाव, स्नानघाट वापरायला अडवणे हा कलम ३(१)(झेडए) खाली गुन्हा आहे. १९९५ साली बियास नदीवर सहलीला नेलेली शाळेची १४ मुले बुडाली. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेला जबाबदार धरून प्रत्येकी पाच लाखांची भरपाई कायम केली. अंतर्गत जहाज कायदा, २०२१ तर बिनयंत्राच्या नावांचीही दखल घेतो. त्यांची नोंद आणि सुरक्षिततेचे किमान निकष हे काम तो राज्य शासनाकडे आणि स्थानिक संस्थांकडे सोपवतो. म्हणजे वैनगंगेवरचा डोंगा कायद्याच्या बाहेर नाही. कायदा नावेपर्यंत पोहोचला नाही, एवढेच.

भरपाईबद्दल एक कटू सत्य सांगितले पाहिजे. जीवाची किंमत न्यायालयात बहुधा मेलेल्याच्या कमाईवरून काढली जाते. मजुराच्या पोराचा जीव तिथेही स्वस्तच ठरतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, भरपाईच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी आपली माणसे जिवंत ठेवण्याचा लढा उभारा.

त्यासाठी आमच्या मागण्या साध्या आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या निवासी शाळा, शासकीय वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांतल्या प्रत्येक मुलामुलीला पोहण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी भलतीकडे वळवला जातो अशी आमची नेहमीची तक्रार आहे. त्यातला एक वाटा इकडे आणा. होडीने मजुरीला जाणाऱ्या प्रत्येक घाटावर ग्रामपंचायतीने जॅकेटे ठेवावीत. शेततळ्याच्या अनुदानातच कुंपण आणि दोर यांची अट घालावी.

मुलींबद्दल वेगळे सांगतो. पोहण्याच्या कपड्यांची लाज म्हणून मुलीला पाण्यात उतरू न देणे ही मनूचीच शिकवण आहे, ती आपल्या घरात नको. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेट्टी या बाईने २००४ साली मुस्लिम मुलींसाठी अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला. पुढे तो घालून मुस्लिम तरुणी समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून उभ्या राहिल्या. कपडा कोणता हे मुलीने ठरवावे. पाणी मात्र तिला मिळालेच पाहिजे.

आणि जे शासनाकडे मागायचे नाही, ते आपण करू. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन पाण्यात जवळपास पाच किलोची उचल देतो. वर सांगितलेला हिशेब आठवा : माणूस तरंगायला एवढेच लागते. अशा कॅनला लांब दोर बांधून तो प्रत्येक शेततळ्याकाठी, खाणीकाठी, विहिरीपाशी टांगून ठेवा. कोणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी मारू नये, कॅन फेकावा आणि दोर ओढावा. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मात्र मुलांच्या खेळण्यातल्या फुगवायच्या कड्यांवर विसंबू नका. ती खेळण्यासाठी असतात, जीव वाचवण्यासाठी नव्हेत.

१४ एप्रिलला आपल्या मंडळांची वर्गणी जमते. तिचा मोठा भाग डीजेवर उडतो, हे आम्ही आपलेपणाने बोलतो, राग मानू नये. एका रात्रीच्या डीजेच्या पैशात वस्तीतल्या वीस पोरांचा उन्हाळाभर पोहण्याचा वर्ग भरेल. २० मार्चला आपण महाडला जातो, तळ्याला वंदन करतो आणि परत येतो. पुढच्या २० मार्चला प्रत्येक गावच्या मंडळाने एवढा हिशेब मांडावा की, आपल्या गावातल्या किती मुलामुलींना पोहता येते.

तथागतांनी तराफ्याचा दृष्टान्त सांगितला आहे. वाटसरू गवत, काटक्या, फांद्या जमवून तराफा बांधतो आणि त्याच्या आधाराने हातपाय मारत पैलतीर गाठतो. त्यात तराफाही आहे आणि हातपाय मारणेही आहे. बाजारातला फुगणारा पोशाख ज्याला परवडेल त्याने जरूर घ्यावा. आमच्या वस्तीला दोर, कॅन, जॅकेट आणि पोहायला शिकवणारा माणूस हवा आहे, आणि तो या उन्हाळ्याआधी हवा आहे.

जयभीम!