सांत्वनाला आलेल्या बाई

भुताखेतांचे चित्रपट पाहण्याची मला हौस नाही. रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवायला जायचे तरी मला मनाची तयारी करावी लागते. त्यात आणखी भीती विकत कशाला घ्यायची, असा माझा साधा हिशेब. पण गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी घरच्या टेलिव्हिजनवर 'हेरेडिटरी' नावाचा अमेरिकन चित्रपट लावला आणि "आई, ह्यात शोकांतिकेचा तास आहे, तुझ्याच विषयातला," असे आमिष दाखवून मला बसवून घेतले. हे मात्र पहिल्या वीस मिनिटांतच "उद्या लवकर उठायचंय" म्हणत आत निघून गेले.

चित्रपट २०१८ चा. अ‍ॅरी अ‍ॅस्टर ह्या तिशीतल्या दिग्दर्शकाचा पूर्ण लांबीचा हा पहिलाच. हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांच्या छत्राबाहेर, सुमारे एक कोटी डॉलरांत केलेला. आपले डोळे पांढरे करणारी ही रक्कम तिकडे काटकसर समजली जाते! सनडान्सच्या महोत्सवात समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या सामान्य प्रेक्षकांचे मत घेतले गेले, तेव्हा त्यांनी 'डी प्लस' दिला. आमच्या भाषेत सांगायचे तर जेमतेम काठावर पास. मला त्या प्रेक्षकांचे नवल वाटत नाही. ते भूत पाहायला गेले होते, आणि त्यांच्यापुढे आले एक सुतकातले घर.

आरंभच मृत्युवार्तेने होतो. अ‍ॅनी नावाच्या प्रौढ बाईची आई वारली आहे. (अ‍ॅनीचे काम टोनी कॉलेट हिने असे केले आहे की मध्येमध्ये मला मान फिरवावी लागली.) अंत्यविधीच्या वेळी बोलताना अ‍ॅनी सहज म्हणून जाते, की आई फार आतल्या गाठीची होती; आज इतके अनोळखी चेहरे आलेले पाहून आश्चर्य वाटते. चित्रपटाची सगळी भीती ह्या एका वाक्यात आहे, पण ते आपल्या कानांवरून निघून जाते. पुढे घरावर दुसरा घाला येतो, आणि तो पहिल्याहून कितीतरी भयंकर असतो. काय घडते ते मी लिहिणार नाही. एवढेच सांगते, की आमचे चिरंजीव, जे चित्रपट एकदा पाहून चुकले होते, त्यांनीही त्या वेळी उशी पोटाशी धरली.

अ‍ॅनीचा व्यवसाय चिमुकली घरे बनवण्याचा. बोटभर खुर्च्या, नखाएवढे दिवे, आणि त्यांत आपल्याच घरातले प्रसंग मांडायचे. कॅमेरा अशाच एका खेळण्यातल्या खोलीत शिरतो आणि ती खरी खोली होऊन जाते. चित्रीकरणासाठी घराच्या आतल्या खोल्या स्टुडिओत मुद्दाम उभारल्या होत्या, भिंती काढता-घालता याव्यात म्हणून. त्यामुळे सबंध वेळ वाटत राहते, की कोणीतरी एक भिंत काढून आत पाहते आहे.

पाहणारेही असतातच. मेलेली आजी एका गुप्त पंथाची मुख्य. पेमॉन नावाच्या सैतानी राजाला माणसाच्या देहात आणून बसवायचे, हे त्या पंथाचे व्रत. आणि देह हवा तो पुरुषाचा, तोही स्वतःच्या नातवंडांतला. हा पेमॉन दिग्दर्शकाने मनाने रचलेला नाही. सतराव्या शतकात सुलेमान राजाच्या नावावर खपणारी एक मंत्रपोथी होती, तिच्यातल्या ७२ पिशाचांपैकी हा एक. मस्तकी मुकुट, बसायला उंट, आणि प्रसन्न झाला तर सर्व विद्या नि कला शिकवतो! परीक्षेच्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता लागू नये म्हणजे झाले.

पण मला भीती वाटली ती उंटावरच्या राजाची नव्हे, जोनबाईंची. दुःखितांनी एकत्र बसून मन मोकळे करायचे, अशा एका बैठकीला अ‍ॅनी जाते, आणि नवऱ्याला सांगते, "सिनेमाला जाते." बैठकीच्या बाहेर तिला जोन भेटते. वयस्क, हसतमुख, अंगावरून हात फिरवणारी. आपलाही मुलगा नि नातू गेला म्हणून सांगणारी. तिच्या दारातले पायपुसणे पाहून अ‍ॅनीला आईच्या हातच्या कामाची आठवण होते. तेथेच उलटपावली फिरायचे! पण दुःखात माणसाला खुणा दिसतात, त्यांचा अर्थ दिसत नाही. मग जोन तिला मेलेल्यांशी बोलायची रीत शिकवते आणि बजावते, की मंत्र म्हणताना घरातली सगळी माणसे घरातच हवीत.

चिरंजीवांनी सांगितलेला तास मध्येच येतो. मुलाच्या शाळेत ग्रीक नाटकावर चर्चा चालली आहे: हेराक्लीसच्या हाती काहीच नव्हते असे मानले, तर त्याची कथा अधिक करुण होते की कमी? एक मुलगी म्हणते, अधिक. कारण मग त्याला आशेला जागाच नव्हती. दिग्दर्शकाचे मत हेच असावे. मी मात्र त्या वर्गात असते, तर हात वर केला असता. अहो, सगळे आधीच ठरलेले होते, तर जोनबाईंना इतक्या चकरा का माराव्या लागल्या? अ‍ॅनीने स्वतःच्या तोंडाने मंत्र म्हणायला हवा होता. आणि ती तेथवर गेली, कारण घरात त्या दुःखाचे नाव काढायची सोय नव्हती. नवरा बिचारा भला; पण घर शांत राहावे एवढीच त्याची इच्छा.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, त्याला कारण आहे.

१९९१ साली माझा थोरला भाऊ काविळीने गेला. सतरा वर्षांचा होता. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत त्यानंतर त्याचे नाव कोणी घेईना. वडिलांनी त्याची सायकलसुद्धा विकून टाकली. महिन्याभराने एक बाई येऊ लागल्या. त्यांचाही मुलगा गेला होता, असे त्या सांगत. आई दर गुरुवारी "देवळात जाते" म्हणून वडिलांना सांगे आणि मला घेऊन त्यांच्या घरी जाई. कागदावर मुळाक्षरे, मध्ये पालथी वाटी, तिच्यावर तिघींची बोटे. चार गुरुवार वाटी नुसतीच फिरली. आईच्या हातातल्या पाटल्या कधी गेल्या, ते मला कळले नाही.

पाचव्या गुरुवारी वाटी 'सु'वर गेली आणि मग 'खी'वर. आई तेथेच रडली, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. वाटी मी ढकलली होती. मी दहा वर्षांची होते. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

चित्रपट संपायला रात्रीचा एक वाजला. चिरंजीव दिवे लावीत सुटले. आतल्या खोलीतून आईने विचारले, "अगं, एवढा वेळ काय पाहत होतीस?"

"काही नाही गं," मी म्हटले, "इंग्रजी सिनेमा."