हिशेबाची वही : काचेतला समुद्र



विक्रोळीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्याने ते देत नाही. मुलगा 22 वर्षांचा. बारावी सायन्सनंतर शिक्षण सुटले. चार वर्षे माशांच्या टाक्यांच्या दुकानात आहे, मोठ्या लोकांच्या घरी जाऊन टाक्या साफ करतो. आता एका गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात सहा फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी हवी आहे. आत खडक, जिवंत पोवळी, रंगीत मासे, थोडक्यात समुद्राचा एक तुकडाच. दुकानदार म्हणतो, "हे काम तू स्वतःच्या अंगावर घे, सामानाला दीड लाख घाल, नफा तुझा. पोवळी मी स्वस्तात मिळवून देतो." ताईंनी बचत गटातून कर्ज काढायचे मनात आणले आहे. विचारतात, पैसे घालू का? आणि जिवांचा हा धंदा पंचशीलात बसतो का?

मी कारकून माणूस. मासा मला ताटातलाच ठाऊक. म्हणून आधी मुलालाच बोलावून घेतले आणि दोन रविवार त्याच्याकडून शिकून घेतले. पोरगा हुशार आहे. खिशातून एक वही काढली. त्यात रोजचे तापमान, क्षार, अल्कलिनिटी, कॅल्शियम, तारखेनिशी. आमच्या कार्यालयातली रजिस्टरे इतकी स्वच्छ नसतात. पाण्याला हात लावण्यासाठी ज्यांना 1927 साली महाडला जावे लागले, त्यांचा पणतू आज पाण्यात कशाचा किती अंश आहे ते मोजून सांगतो, हे पाहून बरे वाटले.

आता टाकीविषयी. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे 24 घनफूट. त्यात साधारण 680 लिटर पाणी मावते. एक लिटर म्हणजे एक किलो, खारे पाणी त्याहून थोडे जडच. शिवाय 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचे सव्वाशे किलो, खडक, वाळू, खालचा लोखंडी सांगाडा. सगळे मिळून हजार किलोच्या आसपास जाते. आणि हा भार बसतो 12 चौरस फुटांवर, म्हणजे एका चौरस मीटरहून थोड्याच अधिक जागेवर. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचा भार धरून बांधतात. टाकी भिंतीलगत तुळईवर आडवी ठेवली तर भार वाटला जातो, पण ते इमारतीच्या इंजिनिअरने लिहून द्यायचे. टाकी लावणाऱ्या पोराने नव्हे. मुलाला विचारले तर म्हणाला, "साहेब बोलले, काही होत नाही." मी म्हटले, साहेब बोलले ते कागदावर आहे का?

पाणी कुठले घ्यायचे? आपल्याला वाटेल, मुंबईत समुद्र दारात आहे, भरा बादल्या. तसे चालत नाही. किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात क्षार उतरतो. घरचे मीठही चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बरेच काही असते. म्हणून त्यासाठी तयार केलेले मीठ मिळते, ते लिटरला 35 ग्रॅमच्या वर थोडे घालावे लागते. टाकी आणि तिच्या खालची गाळणीची टाकी मिळून 750 लिटर धरले तर पहिल्याच भरण्याला 27-28 किलो मीठ लागते. पुढे दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, म्हणजे महिन्याला साडेपाच किलोच्या आसपास.

हे मीठ नळाच्या पाण्यात घालायचे नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, फॉस्फेट असते, त्याने टाकीत शेवाळ माजते. पाणी आरओ आणि त्यापुढच्या डीआय गाळणीतून काढून मीटरवर शून्य यावे लागते. असे एक लिटर पाणी मिळवायला साध्या यंत्रात तीनचार लिटर वाया जाते. ज्यांच्या नळाला दिवसातून तासभर पाणी येते त्यांनी हा आकडा वाचून काय वाटून घ्यायचे ते घ्यावे. मुलाने एका घरी ते सांडपाणी पिंपात साठवून लादी पुसायला वापरायला लावले आहे. त्या घरातल्या कामवाल्या मावशी त्याला दुवा देतात म्हणे.

पाण्याची एक गंमत त्याने सांगितली. टाकीतले पाणी रोज काही लिटर उडून जाते, पण मीठ उडत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे, खारे नाही. खारे घालत राहिले तर महिन्याभरात मासे लोणच्यात पडल्यासारखे होतात.

सगळ्यात अवघड गोष्ट आहे थांबणे. टाकी भरली की गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी मासे हवे असतात. पण माशाच्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो विषारी. खडकावर आणि वाळूत एक जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असते. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा पगार नाही, सुटी नाही, पण त्यांच्यावाचून ती लाखाची टाकी म्हणजे सडके डबके. त्यांची वस्ती बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय एकही मासा सोडायचा नाही. आणि नंतरही एकेक, दोनदोन.

ही कल्पना आपल्याच आशिया खंडातली आहे हे मला मुलाकडून कळले. जाकार्तातल्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी समुद्रातले जीव असलेले खडक टाकीत ठेवून, केवळ हवेच्या बुडबुड्यांनी पाणी फिरवून पोवळी जगवली आणि 1961 साली ते अमेरिकेतल्या मासिकात लिहिले. मोठी यंत्रे नंतर आली. आता फेस काढून घाण वेगळी करणारे स्किमर आहे, लाटा करणारे पंप आहेत, निळे-पांढरे दिवे आहेत.

दिवे कशासाठी, तर पोवळे हा प्राणी असला तरी त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करून पोवळ्याला देते, पोवळे त्याला आसरा देते. पाणी फार तापले की ही सोबत तुटते आणि पोवळे पांढरे पडते. टाकी 25-26 अंशांवर ठेवायची असते. मुंबईच्या मे महिन्यात ती चिलरशिवाय राहत नाही. मुलाच्या वहीवरून मी विजेचा हिशेब काढला. दिवे, पंप, स्किमर, चिलर मिळून दिवसाला सुमारे 12 युनिट. महिन्याला 370 च्या घरात. युनिटला दहा रुपये धरले तरी 3,700 रुपये फक्त विजेचे. आपल्या एका खोलीच्या घराचे बिल काढून बाजूला ठेवून पाहा. आणि वीज गेली तर? पाणी फिरायचे थांबते, प्राणवायू घटतो. बॅटरीवरचा हवेचा पंप आधीच घेतलेला बरा.

गिऱ्हाईक पैसेवाले आहे, त्याचे बिल तो भरेल. आपल्याला काळजी आपल्या पोराची. म्हणून यापुढचे ताईंनी नीट वाचावे.

दुकानदार "पोवळी स्वस्तात मिळवून देतो" म्हणतो. बिल कुठले, विचारले तर बिल नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2001 साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी पोवळी, काळे पोवळे, समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडाही त्याच अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ही पोवळी आणि वाघ एकाच पंगतीत. मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप, अंदमान, आपले मालवण, कुठूनही ती तोडून आणून विकणे हा गुन्हा आहे. मेलेले, वाळलेले पोवळेसुद्धा त्यात येते. म्हणून "समुद्रातला जिवंत खडक" म्हणून मिळणारा तुकडाही संशयानेच पाहावा. शिक्षा तीन ते सात वर्षे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये. परदेशातून आणलेल्या दगडी पोवळ्यांना आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. कागद नसेल तर हात लावायचा नाही.

आणि धाड पडली तर कोण सापडेल? दिवाणखान्याचा मालक म्हणेल, मी टाकी बनवून घेतली, मला काय ठाऊक. दुकानदार म्हणेल, काम त्याने स्वतंत्र घेतले होते. उरतो तो आमचा मुलगा, ज्याच्या नावावर बचत गटाचे कर्ज आहे. "काम अंगावर घे" याचा अर्थ मी तरी असा लावतो. चांगुलपणा असेलही, पण बिल नसलेल्या चांगुलपणावर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. खाऱ्या पाण्यातून वीज फार सहज वाहते. पोरगा कोपरापर्यंत हात घालून काम करतो आणि वर दिवे लोंबत असतात. गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी त्या लाइनवर असल्याशिवाय त्याने हात घालू नये. वायर प्लगच्या खाली झोका देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरत नाही. झोआंथिड नावाचे बटणासारखे मऊ जीव टाकीत असतात, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जालीम विष असते. ते कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि असे जीव असलेला खडक स्वच्छ करायला कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, वाफेतून विष छातीत जाते. मुलाला हे कोणी सांगितले नव्हते. चार वर्षे तो उघड्या हातांनी काम करतो आहे. हातमोज्यांच्या जोडीला किती पैसे पडतात हो?

आता पंचशील. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. त्यातल्या प्राण्यांच्या व्यापाराचा अर्थ अट्ठकथेत माणसांची विक्री असा दिला आहे. म्हणजे शब्दावर बोट ठेवून कोणाला धंदा बंद करायला लावता येणार नाही. पण शब्दाची पळवाट काढून मोकळे होणेही मला पटत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे मांडले आहे. तत्त्व म्हटले की प्रत्येक वेळी स्वतः विचार करणे आले. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून टाकीचे मासे पकडायला सायनाइड पाण्यात सोडत आले. मासा गुंगतो, हाती लागतो, शेजारची पोवळी मरतात. असा मासा विकण्यात हात असावा असे मला वाटत नाही. पण अंड्यातून वाढवलेला मासा वेगळा.

आणि तशी सोय आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथे क्लाउनफिश, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा, टाकीत अंडी घालवून वाढवण्याची पद्धत बसवली आहे. या माशाचे कुटुंब मुलांना सांगण्यासारखे आहे. जन्मताना सगळे नर. गटातला सर्वांत मोठा मादी होतो. अंडी घातली की राखण बाप करतो, पंखाने वारा घालतो, खराब अंडी काढून टाकतो. आठवड्याभरात रात्रीच्या अंधारात पिल्ले फुटतात. आपल्याकडच्या काही बापांना ही टाकी दाखवायला हरकत नाही.

तेव्हा ताई, माझे मत असे. कर्ज काढून सामान घेऊ नका. सामान गिऱ्हाइकाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या बिलाने घ्यावे. मुलाने मजुरी आणि देखभाल तेवढी घ्यावी. खडक भट्टीत भाजलेला किंवा सिमेंटचा कृत्रिम, त्यावरही जिवाणू बसतात. मासे हॅचरीचे, पावतीसह. ज्या पोवळ्याचा कागद नाही ते टाकीत नको, गिऱ्हाईक रुसले तर रुसू दे. त्या टाकीत सहा महिने नुसते क्लाउनफिश आणि गोबी पोहले तरी काही बिघडत नाही.

करारपत्र शंभर ओळींचे नको, एक पान पुरे. महिन्याला किती फेऱ्या, पैसे कोणत्या तारखेला, वीज गेल्याने किंवा घरच्यांनी जादा खाणे टाकल्याने मासा मेला तर जबाबदारी कोणाची, स्लॅबचा दाखला कोणी आणायचा, आरसीसीबी कोणी बसवायचे. खाली दोघांच्या सह्या. मुलाने प्रत्येक फेरीला वहीत आकडे लिहून त्याखाली घरच्यांची सही घ्यावी. ती वही त्याची साक्षीदार आहे. बारावीचे राहिलेले विषय त्याने पुरवणी परीक्षेला द्यायचे कबूल केले आहे, फॉर्म मी आणून ठेवला आहे.

करारपत्राचा मसुदा मी मराठीत करून ठेवला आहे. प्लंबर, वायरमन, एसी दुरुस्ती करणाऱ्या मुलांनाही थोड्या फरकाने उपयोगी पडेल. ज्यांना हवा असेल त्यांनी पत्ता लिहिलेले पाकीट साप्ताहिकाच्या कार्यालयाकडे पाठवावे.