रंकाळ्याचा हिरवा इशारा

कोल्हापूरकरांच्या लेखी रंकाळा हा केवळ तलाव नाही. ते शहराचे संध्याकाळचे अंगण आहे. तथापि लगतच्या वस्त्यांतील सांडपाणी नाल्यांवाटे वर्षानुवर्षे मिसळत गेल्याने तलावाचे पाणी हिरवे होऊन दुर्गंधी सुटल्याचे शहराने अनेकदा अनुभवले आहे. अशा वेळी चर्चा होते ती सुशोभीकरणाची आणि जलपर्णी काढण्याची. पाण्याला हिरवा रंग देणारे वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवाले, मात्र दुर्लक्षितच राहतात.

स्वच्छ गोड्या पाण्यात डायाटम, हरित शैवाल, नील-हरित शैवाल असे अनेक गट एकत्र नांदतात. सांडपाण्यातून फॉस्फरस व नायट्रोजन वाढले की हा समतोल ढळतो. मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शैवाले इतरांना मागे सारून पृष्ठभागावर तवंग धरतात. त्यांच्या काही जाती यकृताला घातक विष निर्माण करतात आणि ते पाणी उकळूनही नष्ट होत नाही. शैवाल मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे मरतात.

म्हणूनच प्लवकांच्या वैविध्याची नोंद महत्त्वाची ठरते. रासायनिक चाचणी नमुना घेतल्या क्षणाचे पाणी दाखवते; प्लवकांची रचना त्याआधीच्या काळाचीही साक्ष देते. अमेरिकी शास्त्रज्ञ पामर यांनी १९६९ मध्ये शैवालांच्या २० प्रजातींना प्रदूषण सोसण्याच्या क्षमतेनुसार गुण दिले. आढळलेल्या प्रजातींच्या गुणांची बेरीज २० किंवा अधिक भरल्यास सेंद्रिय प्रदूषण तीव्र मानले जाते. सूक्ष्मदर्शक आणि शैवालांची जाण असलेल्या महाविद्यालयालाही ही तपासणी करता येईल.

उपाय अज्ञात नाही. अमेरिकेतील सिअॅटल शहराने १९६३ ते १९६८ या काळात लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारे सांडपाणी टप्प्याटप्प्याने अन्यत्र वळवले. पुढील दशकात तेथील नील-हरित शैवालाचे वर्चस्व ओसरले व पाणी नितळ झाले. उथळ तलावांत तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरत असल्याने सुधारणेस अधिक काळ लागू शकतो. पण आरंभ सांडपाणी रोखण्यापासूनच करावा लागतो. काठावर रोषणाई करून पाण्याचा रंग बदलत नाही. तलावासाठी खर्च होणाऱ्या निधीचा हिशेब काठाच्या शोभेवर न मांडता पाण्यातील प्लवकांच्या नियमित नोंदीवर मांडला गेला, तरच रंकाळा खऱ्या अर्थाने सुधारतो आहे की नाही, हे नागरिकांना कळेल.